वाट नव्हती, असं मी लिहून दिलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या काकीचे. हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढे मी तिच्याशी कसा वागलो ते येणार आहे, आणि ते वाचताना ती माझी कोण हे वाचणाऱ्याला माहीत असायला हवं.

थोरली काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. काका जहाजावर खलाशी होते, ते लवकर वारले. मूलबाळ नाही. मालवणजवळच्या आमच्या ख्रिस्ती वाडीत तिचं घर मागे, टेकडीच्या पायथ्याला, आणि आमचं पुढे, रस्त्याला लागून. मधे आमचं परस. त्या परसातून, माडांच्या आणि काजूच्या झाडांच्या मधून, तिच्या दारापासून एक पायवाट निघायची ती थेट वाडीच्या खुरसापाशी यायची. खुरीस म्हणजे चौथऱ्यावर बांधलेला, दरवर्षी चुना काढलेला आमच्या वाडीचा क्रूस. तिथून चर्च हाकेच्या अंतरावर. काकी दारातून निघाली की पाच मिनिटांत मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पोचायची.

रविवारी मिस्सा झाली की वाडीतली मुलं तिच्या ओसरीवर धर्मशिक्षणाला जमायची. ती स्वतः सातवी शिकलेली, पण तिचं अक्षर छापल्यासारखं. माझा हात हातात धरून तिने मला पाटीवर गिरवायला शिकवलं. आमच्या घरात आई-वडील सही करायचे, तीही सावकाश, जीभ दातांत धरून. दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला मात्र गुण मिळवायची चटक लागली होती आणि ती काकीने लावली होती.

एका रविवारी तिने मला उभं केलं. "देवान तुका कित्याक केल्यान रे?"

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण मला माझं उत्तर जास्त चांगलं वाटलं. मी छाती काढून म्हणालो, "शिकान मोठो होवक!"

मुलं हसली. काकी हसली नाही. "मोठो तर माड पण होता. तेका कॉलेजात कोण घालता? बस खाली. तुका केल्यान तो देवाचो मोग वळखूक, नि तोच मोग दुसऱ्याक देवक. मोठो झालंस तर बरां. नाय झालंस तरी देवाचा काय अडणा नाय."

मोग म्हणजे प्रेम. मी मान हलवली, पण मनातून मला ते पटलं नाही. माझं काही अडत नाही असं म्हणणारा देव मला जरा ढिला वाटला. माझ्या डोक्यातला देव आमच्या गणिताच्या सरांसारखा होता. पाप केलं की गुण वजा, उपवास-प्रार्थना केली की गुण जमा, आणि शेवटी बेरीज पस्तीसच्या वर गेली की स्वर्गात पास. मी तर ऐंशीच्या खाली कधी यायचो नाही!

बारावी झाल्यावर वडील म्हणाले, आता पुरे, पर्यटकांच्या बोटीवर जा. काकी मासे धुता धुता उठली आणि तशाच हातांनी त्या वाटेने आमच्या अंगणात आली. "ह्येका कणकवलीक कॉलेजात घालूचा. नायतर माझ्याशी बोला नको."

"वयनी, आमच्यात कोण शिकलो हा?" वडील म्हणाले.

"म्हणान तर!" ती म्हणाली आणि आल्या वाटेने परत गेली. झालं, विषय संपला.

पदवीचा निकाल लागला तेव्हा तिने फादरांना चर्चची घंटा वाजवायची परवानगी मागितली. फादर म्हणाले, घंटा अशी कुणाच्या निकालाला वाजवत नाहीत. मग तिने घरी येऊन पितळेची परात काढली आणि पळीने अशी बडवली, की शेजारच्या वाडीतली माणसं कुठे आग लागली म्हणून धावत आली. आमच्या घरातला पहिला पदवीधर! आज हे लिहितानाही मला त्या परातीचा आवाज ऐकू येतो आणि हसू येतं.

आणि त्या पदवीचा मी पहिला मोठा उपयोग काय केला, ते आता सांगतो.

मी बी.एड. करून कणकवलीच्या एका शाळेत लागलो होतो. आठवडाभर तिथे खोलीवर राहायचो, शनिवारी घरी यायचो. आमच्या भागात घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या निघत होत्या, आणि वडिलांनाही परसात तीन खोल्या काढायच्या होत्या. आड आली ती पायवाट. "पावण्यांच्या खिडकीसमोरसून दिवसभर माणसां नि कोंबड्यो जावक लागल्यो तर कोण रवात हयसर?" वडील म्हणाले. काकीला त्यांनी रस्त्याने जायला सांगितलं. ती म्हणाली, "माझे ढोपर जावंदेत, पण लादीन खंयसून जातली?"

लादीन म्हणजे मे महिन्यात खुरसापाशी सगळ्या वाडीने मिळून गाऊन म्हणायची प्रार्थना. दरवर्षी एका घराची पाळी असते. त्या घरातून फुलं आणि मेणबत्त्या घेऊन माणसं गात गात खुरसापर्यंत येतात, आणि शेवटी त्या घरचे सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. काकीच्या घराची पाळी आली की ही माणसं आमच्या परसातल्या वाटेनेच यायची. मी स्वतः त्या वाटेने लहानपणी मेणबत्ती धरून आलो होतो.

वडिलांनी एका आठवड्यात मेढी पुरून काटेरी तार ओढली. काकी तहसीलदारांकडे गेली. वाट मोकळी करून मिळावी, एवढंच तिचं मागणं. आम्हाला नोटीस आली आणि आमचं म्हणणं लेखी मागितलं गेलं.

"तू पदवीधर," वडील म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरां कोण लिवतलो?"

मी लिहिलं. टाईप करून नाही, हाताने, शाईच्या पेनाने. "सदर मिळकतीतून वहिवाटीची पायवाट पूर्वी कधीही नव्हती व आजही नाही." खाली माझी सही, सत्य प्रतिज्ञेवर. दहा आज्ञांतली खोटी साक्ष न देण्याची आज्ञा कितवी, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती मला लिहिताना आठवलीही. आणि खरं सांगायचं तर, लिहिताना मला मजा येत होती. आमच्या घरातल्या कुणालाही न येणारी कचेरीची भाषा माझ्या हातातून नळाच्या पाण्यासारखी वाहत होती. पाप करताना माणसाला नेहमी वाईटच वाटतं असं जे म्हणतात, ते माझ्या बाबतीत तरी खरं नव्हतं.

तारखेला तहसीलदार साहेबांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. काकी मिस्सेची साडी नेसून माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. लेखनिकाने तिला एक प्रत दिली. तिने ती लांब धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली.

"आजी, तुमचं यावर काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

"अक्षर बरां आसा," काकी म्हणाली.

वाडीतल्या माणसांना विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही घरं आपलीच, आम्ही मधे का पडू. पुढची तारीख पडली, मग त्यापुढची.

वर्षभर काकी डांबरी रस्त्याने वळसा घालून चर्चला जात राहिली. पाच मिनिटांची वाट अर्ध्या तासाची झाली. हातात छत्री, ती काठीसारखी टेकत, मागून येणाऱ्या गाड्यांना वाट देत. एका रविवारी मी स्कूटरवरून येत होतो आणि ती समोरून येताना दिसली. माझं हेल्मेट नेहमीसारखं आरशाला अडकवलेलं होतं. मी थांबलो आणि ते डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली आणि तिच्या बाजूने निघून गेलो. शहाण्या मुलासारखा, हेल्मेट घालून!

चर्चमध्ये मात्र हेल्मेट चालत नाही. मिस्सेत प्रसाद घ्यायची वेळ आली की सगळे रांगेत पुढे जातात. मनावर मोठं पाप असेल तर जायचं नसतं. मी जायचो नाही. आमच्या छोट्या चर्चमध्ये सगळा बाक उठला आणि एकटा माणूस बसून राहिला तर तो खांबासारखा दिसतो. आई शेजारून कोपराने ढोसायची.

"पोटात दुखता काय तुझ्या? दर आयतारा?"

"नाय गो."

"मगे ऊठ मरे!"

मी काही उठायचो नाही. पण मी स्वस्थही बसलो नव्हतो. माझं गणित चालू होतं. इतकं मोठं पाप वजा पडलंय, तर तितकंच मोठं काहीतरी जमा करायला हवं. उपवासकाळ आला तेव्हा मी मासे सोडले. मालवणच्या किनाऱ्यावर चाळीस दिवस मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला नुसतं सांगून कळायचं नाही. घरात बांगडा भाजला जायचा आणि मी बाहेर माडाखाली बसून डाळभात खायचो. शिवाय रोज जपमाळ, शनिवारी चर्चचं आवार झाडणं. आईने शेवटी अंगाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

चौथ्या आठवड्यात मी कुमसाराला, म्हणजे पाप कबूल करायला, फादरांपुढे गुडघे टेकले. हे फादर नवीन, बाहेरगावचे, वयाने माझ्याएवढेच. मी सगळं सांगितलं आणि शेवटी, ते कुठून सुटू नये म्हणून, माशांचंही सांगितलं.

जाळीपलीकडून आवाज आला, "मासे सोडून कुंपण उघडत नाही, बाबा."

मी जाळीकडे सरकलो.

"कुंपण काढायची तयारी आहे?"

"आहे फादर. आधी कुंपण काढतो. तहसील कचेरीत जाऊन खरं सांगतो. काकीचे पाय धरतो. हे सगळं झालं की परत येतो, तेव्हा मला क्षमा द्या."

"नाही. क्षमा आत्ता. कुंपण उद्या. देवाला तू परीक्षा मंडळ समजतोस की काय? आधी क्षमा, मग तिच्या जोरावर बाकीचं. तू क्रमच उलटा धरलायस."

आणि त्यांनी तिथल्या तिथे क्षमेचे शब्द उच्चारले. मी बाहेर आलो तो थोडा रागावूनच. पेपर न देता निकाल हातात मिळाल्यासारखं वाटत होतं. असला निकाल मला खरा वाटेना. म्हणून पुन्हा रविवारी बाकावरच बसलो. आणि दुसरं म्हणजे, मी घाबरलो होतो. नोकरी नवी. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं हे उघड झालं तर शाळेत काय होईल? वडील घरात घेतील का? ईस्टर गेला, कुंपण तसंच राहिलं.

मग मे महिना आला आणि लादिनीची पाळी आली काकीच्या घराची. माणसं फुलं घेऊन डांबरी रस्त्याने वळसा घालून खुरसापाशी येणार, असं ठरलं. वाडीत कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला झेपेना. त्या दिवशी सकाळी मी उठलो आणि रस्त्याने, पूर्ण वळसा घालून, चालत काकीकडे गेलो. खिशात एक कागद होता. त्यावर मी काय काय करणार ते क्रमाने लिहिलं होतं.

काकी ओसरीवर एकटीच होती. समोर मोठ्या टोपात रात्रभर भिजलेले चणे. तिने वर पाहिलं.

"इलंस? बरां झाला. तो नारळ घे नि खव."

"काकी, मला बोलायचंय."

"खवताना बोलाक येता. तोंड खंय गुतलेला आसा?"

मी विळी पुढे घेतली, बसलो आणि खवायला लागलो. आणि मग बोललो. सगळं. मजा येत होती तेसुद्धा. हेल्मेटचंसुद्धा. खोबऱ्याचा ढीग होत गेला. ती चण्यांतले खडे आणि सुटलेली सालं निवडत राहिली. मी म्हणालो, "मला माफ कर. मी काय काय करणार आहे ते लिहून आणलंय," आणि खिशात हात घातला.

"ठेव तो कागद. तुझे कागद बघलंय मी," ती म्हणाली. "आणि माफ कित्याक करू? ता माझ्याकडसून केवाच झाला."

"कधी?"

"तू कचेरीत वाचीत होतंस तेवा. तुझो आवाज कापत होतो. माका वाटला, ह्येका आता कोण घरात घेतलो?"

खरं तर मला राग आला. "पण काकी, तेव्हा तर मी तुझ्या विरुद्ध वाचत होतो! मी काहीच केलं नव्हतं. अजूनसुद्धा काही केलेलं नाही!"

"माका ठाऊक आसा. म्हणान तर ती माफी." तिने एक चणा उचलून उजेडात धरला. "तू काय केल्यार मगे मी दिली असती, तर ती मजुरी झाली असती. इतकी वर्सां शिकवलंय तुका, नि तुका ह्याच कळूक नाय?"

मी विळीवर हात ठेवून तसाच बसलो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रवचनात ऐकलं होतं, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तारण हे कर्माने नव्हे, कृपेने. पाठ होतं मला! आणि ते काय असतं ते मला आत्ता, खोबऱ्याने माखलेल्या हातांनी कळत होतं. गेलं वर्षभर मी देवाच्या दाराबाहेर उभा राहून आत शिरायचे गुण मोजत होतो, आणि दार उघडंच होतं. उघडं होतं म्हणजे काय, ती बाई माझ्यासाठी ते उघडं धरून रोज अर्धा तास रस्त्याने चालत होती!

"मग मी काहीच करायला नको?" मी विचारलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" काकी ओरडली. "ती तारेची वई कोण काढतलो मगे? माफ केलंय म्हणान माझे ढोपर बरे झाले काय? ऊठ! खोबरां ठेव हयसर नि जा!"

मी धावलो. खरोखर धावलो. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पदवीधर शिक्षक, लुंगी वर खोचून डांबरी रस्त्याने धावत सुटलो. घरात शिरून वडिलांच्याच हत्यारांतली पकड घेतली आणि कोयता घेतला. पहिली तार तुटली तेव्हा ती अशी उसळली की माझ्या दंडावर ओरखडा ओढून गेली. मी मोठ्याने हसलो. मला थांबवत नव्हतं. आधी कधी कुठलं काम मी इतक्या आनंदाने केलं असेन असं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे यात मिळवायचं काहीच नव्हतं. जे मिळायचं ते सकाळीच मिळून झालं होतं.

वडील ओसरीवरून धावत आले. "मेल्या, काय करतंस? याड लागला काय?"

"बाबा, इथे वाट होती."

"मगे तूच लिवलंस ना, नव्हती म्हणान!"

"खोटं लिहिलं. उद्या कचेरीत जाऊन तसं सांगणार आहे."

"नोकरी जातली तुझी! शिकवान मोठो केलंय तो ह्येच्यासाठी? बी.ए. झालो नि होता ता शानपण पण गेला!"

मी मेढ हलवत होतो, ती निघत नव्हती. तेवढ्यात आई आली. मला वाटलं, ती मला धरायला आलीय. तिने पदर खोचला, मेढीला दुसऱ्या बाजूने धरलं आणि म्हणाली, "वडीत रव माझ्यावांगडा. एक, दोन..." मेढ मातीसकट वर आली. वडील आमच्या दोघांकडे बघत राहिले आणि घरात निघून गेले. दुपारपर्यंत आम्ही सगळ्या मेढी उपटल्या.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, काकीच्या घरातून गाणं ऐकू आलं. मग माडांच्या मधून फुलं दिसली, मेणबत्त्या दिसल्या. माणसं वाटेने येत होती! सगळ्यात पुढे काकी, एका हातात छत्री, एका हातात मेणबत्ती. मेढींचे खड्डे तसेच उघडे होते, ते बुजवायचं मी घाईत विसरलो होतो. तोच आमच्या मागच्या पडवीतला मोठा दिवा लागला आणि वडिलांचा आवाज आला, "खड्डे आसत थंय! बघान पाय टाका, मोडान घेशात!" ते बाहेर आले नाहीत. पण शेवटचा माणूस जाईपर्यंत दिवा चालू होता.

लादीन झाली आणि काकी चणे वाटायला उभी राहिली. खुरसाजवळ दोन पर्यटक मुलगे फोटो काढत थांबले होते. त्यांना प्रार्थनेचा एक शब्द माहीत नव्हता. काकीने त्यांना हात पुढे करायला लावले आणि ओंजळभर चणे घातले. एक बाई म्हणाली, "त्येंका कित्याक गो? ते गावक तरी होते काय?" काकी म्हणाली, "चणे वाटताना ता बघूचा नसता." मग माझी पाळी आली. मलाही तेवढेच, ओंजळभर. ना कमी ना जास्त. ते कोमट चणे हातात घेऊन मी उभा होतो आणि मला सगळ्या वाडीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. काय सांगणार? त्यांना ते आधीपासून माहीत असावं. ते दरवर्षी चणे खात होते.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत मी नवा अर्ज दिला. लेखनिकाने दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून देताय?"

"हो."

"याचा काही नमुना नाही आमच्याकडे." त्याने चष्मा काढला. "डोकं ठिकाणावर आहे ना, सर?"

"आत्ताच आलंय," मी म्हणालो.

साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, की कारवाई होऊ शकते, विचार करून सही करा. भीती वाटली का? वाटली. तरी सही करून मी अर्ज साहेबांना वाचून दाखवला. आदल्या वर्षी कचेरीत कापला होता तसा आवाज मात्र कापला नाही. मे महिन्याची सुट्टी संपल्यावर शाळेत मुख्याध्यापकांना मीच जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर्गावर जायला सांगितलं. लादिनीनंतरच्या पहिल्याच रविवारी बाक उठला तेव्हा मीही उठलो. आईने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं आणि मला पुढे ढकललं, मी परत बसेन या भीतीने.

मोबाईलवरचं काकीला वाचता येत नाही आणि फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. म्हणून निकाल आला तेव्हा मी तिला पोस्टाने हे पत्र पाठवलं.

*

कणकवली,
शुक्रवार

प्रिय थोरल्या काकीस,

सप्रेम नमस्कार.

कचेरीचा आदेश आज मिळाला. वाट होती आणि आहे, अशी नोंद करायला सांगितलं आहे. ती आता कुणाला बंद करता येणार नाही, आम्हालाही नाही. मला साहेबांनी लेखी समज दिली आहे, पुन्हा असं केल्यास कारवाई होईल म्हणून. ते पत्र मी जपून ठेवणार आहे. नोकरी शाबूत आहे. तू काळजी करत असशील म्हणून हे आधी लिहिलं.

काल तुझ्यासाठी काहीतरी घ्यावं म्हणून बाजारात दोनदा फिरलो. साडी बघितली, गुडघ्याला लावायचं तेल बघितलं, मिस्सेला नेता येईल अशी चांगली पर्स बघितली. प्रत्येक वेळी वाटलं, हे मी घेतोय ते आनंदाने की अजून काही फेडायला? मला नक्की सांगता आलं नाही. म्हणून काही घेतलं नाही. या वेळी रिकाम्या हाताने येतो. ते मला जमतं का, बघायचं आहे. पुढच्या वेळी तेल आणीन, ते तुला खरंच लागतं.

वर्गात मी हल्ली मुलांना गुण देताना सही करतो आणि मग मुलाच्या तोंडाकडे बघतो. कमी गुण पडलेल्याकडे जरा जास्त वेळ. हे तुला सांगावंसं वाटलं, का ते माहीत नाही.

आता बाबांचं. ते अजून तुझ्याशी बोललेले नाहीत, हे मला माहीत आहे. माझ्याशीही मोजकंच बोलतात. खोल्या ते पुढच्या बाजूला काढणार आहेत, दोनच. पण आईने फोनवर सांगितलं, की काजूच्या झाडाजवळ जिथे पावसात वाट निसरडी होते, तिथे ते दोन दिवस चिरे आणून टाकतायत. पायऱ्या करणार आहेत. एक चिरा ठेवतात, स्वतः चढून बघतात, परत काढतात. उंची किती ठेवावी ते त्यांना कळत नाही. तुला विचारणार नाहीत, तू त्यांना ओळखतेस. आईला म्हणाले, "झिलाक सांग वयनीक इचारूक."

तर मी विचारतो. तुझ्या गुडघ्यांना किती उंचीची पायरी चालेल? एक वीत, की त्याहून कमी? रविवारी सकाळच्या गाडीने येतो, तेव्हा माझ्याजवळ सांग. किंवा त्यांनाच सांग. ते चिऱ्यांजवळच असतील.

तुझा
पुतण्या